जेडचे मोल आणि माणसाचे मोल

उत्तर म्यानमारमधील काचिन राज्यात फाकांत नावाचे गाव आहे. जगातील उत्तमोत्तम हिरवे जेड याच परिसरातून निघते. २ जुलै २०२० रोजी, ऐन पावसाळ्यात, तेथील एका खाणीवरचा मातीचा अजस्र ढिगारा खाली साचलेल्या पाण्यात कोसळला. चिखलाची लाट उसळली आणि टाकाऊ मातीतून जेडचे तुकडे वेचणारी १७० हून अधिक माणसे तिच्याखाली गडप झाली. अनेक प्रेतांची ओळखही पटली नाही. त्यांना सामुदायिक खड्ड्यात पुरावे लागले. या दुर्घटनेनंतर एका जबाबदार मंत्र्याने या मृत्यूंचे कारण सांगितले ते असे, की मेलेली माणसे लोभी होती. खाणी पावसाळ्यापुरत्या बंद ठेवण्याचा हुकूम असताना ती तेथे गेलीच कशाला, असा त्याचा आशय होता.

लोभ हा शब्द मंत्र्यानेच उच्चारला हे एका अर्थी बरे झाले. जेडचा सारा इतिहास हा लोभाचाच इतिहास आहे. प्रश्न एवढाच, की तो लोभ कोणाचा?

जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजे विकली जातात. एक नेफ्राइट व दुसरे जेडाइट. दामूर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८६३ मध्ये या दोहोंतील भेद निर्विवादपणे दाखवून दिला. नेफ्राइटच्या सूक्ष्म तंतूंची वीण इतकी घट्ट असते, की घाव घातला तरी तो दगड सहजी फुटत नाही. चीनमधील प्राचीन कारागिरी आहे ती मुख्यत्वे याच दगडाची. खोतानजवळच्या नद्यांच्या पात्रांतून तो येई आणि त्याचा मेंढीच्या चरबीसारखा स्निग्ध पांढरा प्रकार सर्वश्रेष्ठ मानला जाई. जेडाइट अधिक कठीण, अधिक चमकदार आणि अधिक दुर्मीळ. क्रोमियमच्या अंशामुळे त्याला जो पाचूसारखा हिरवा रंग चढतो, त्याला व्यापारी ‘शाही जेड’ म्हणतात. हे शाही जेड प्रामुख्याने काचिन भूमीतून येते.

या दगडाभोवती मानवाने जे अर्थ गुंफले ते खरोखर विलक्षण आहेत. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लियांगझू संस्कृतीतील लोक आपल्या प्रतिष्ठितांच्या थडग्यांत जेडच्या चकत्या व चौकोनी नळकांडी ठेवीत. कन्फ्यूशियसच्या परंपरेने या दगडात सज्जनाचे सद्गुण पाहिले. त्याची स्निग्धता म्हणजे करुणा, त्याचा घट्टपणा म्हणजे प्रज्ञा, टोचणार नाही अशी त्याची कड म्हणजे न्यायबुद्धी. मध्य अमेरिकेतील माया लोकांना त्याच्या हिरव्या रंगात मक्याचे कोंब, पाणी आणि प्राण दिसला. पालेंकेच्या पकाल राजाच्या प्रेतावर जेडचा मुखवटा होता. शाहजहानचा शुभ्र नेफ्राइटचा सुरापात्र-प्याला आज लंडनच्या संग्रहालयात आहे. संगे-यशब जवळ बाळगल्याने हृदयाची धडधड थांबते, अशी मोगल दरबाराची समजूत होती.

परंतु संस्कृतीचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. जेडचे सद्गुण सांगणारे ते अंगावर मिरवीत होते; ते खणून काढणाऱ्यांना त्या सद्गुणांचा प्रत्यय कधीच आला नाही. इसवी सनपूर्व ११३ मध्ये मृत्यू पावलेल्या लिऊ शेंग या हान राजपुत्राचे थडगे १९६८ मध्ये उघडण्यात आले. प्रेत कुजू नये म्हणून सुमारे अडीच हजार जेडच्या तुकड्यांचा, सोन्याच्या तारेने शिवलेला पोशाख त्याला चढवलेला होता. प्रेत अर्थातच कुजले. पोशाख मात्र उरला. अशा पोशाखांसाठी थडगी इतकी लुटली गेली, की २२२ मध्ये वेइ राज्याच्या सम्राटाला त्यांवर बंदी घालावी लागली. करुणेचे प्रतीक मानलेल्या दगडाने प्रजेवर करुणा केल्याचे मात्र कोठे नोंदलेले नाही.

चिनी परंपरेतीलच एक कथा या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. ब्यान हे नावाच्या माणसाला डोंगरात एक ओबडधोबड दगड सापडला. आत जेड आहे हे ओळखून त्याने तो राजाला अर्पण केला. दरबारी पारख्यांनी तो साधा दगड ठरवला आणि फसवणुकीबद्दल ब्यान हेचा डावा पाय तोडण्यात आला. पुढच्या राजाने उजवा पाय तोडला. तिसऱ्या राजाने अखेर दगड फोडून पाहिला, तेव्हा आत अपूर्व जेड निघाले. पुढे त्या जेडच्या बदल्यात पंधरा नगरे देऊ करण्यात आली, असे सांगतात. नगरे दगडाला देऊ केली गेली. पाय मात्र परत मिळाले नाहीत. फाकांतमध्ये आजही याहून वेगळे काही घडत नाही. फरक इतकाच, की आता राजा एक नाही, अनेक आहेत.

अठराव्या शतकापासून ब्रह्मदेशाचे जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. राजमाता त्सशीला त्याचे वेड होते. १९२८ मध्ये एका लष्करी सरदाराने तिचे थडगेच लुटले. १८८५ च्या युद्धानंतर उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांच्या हाती गेला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, पांगलाँग येथे आँग सान यांनी काचिन, शान व चिन प्रतिनिधींशी करार केला आणि सीमाप्रदेशाच्या अंतर्गत कारभारात स्वायत्तता मान्य केली. त्याच वर्षी जुलैमध्ये आँग सान यांचा खून झाला. कराराचा आत्माही फार काळ जगला नाही. १९६१ मध्ये काचिन स्वातंत्र्य सेना उभी राहिली आणि १९६२ मध्ये रंगूनमध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली.

येथे समाजवाद्यांनी डोळे मिटून चालणार नाही. ने विन यांच्या राजवटीने आपल्या वाटेला ‘समाजवादाचा ब्रह्मी मार्ग’ असे नाव दिले आणि रत्नांचा व्यवसाय सरकारजमा केला. खनिज राष्ट्राचे झाले. पण राष्ट्र लष्कराचे होते. जेथे संसद नाही, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, कामगार संघटना नाही आणि काचिन खेड्याला आपल्या पायांखालच्या डोंगराविषयी बोलण्याचा अधिकार नाही, तेथे राष्ट्रीयीकरण म्हणजे एका मालकाच्या हातून दुसऱ्या मालकाच्या हाती किल्ली देणे होय. लोकशाहीवाचून समाजवाद हा वदतोव्याघात आहे, याचा यापेक्षा कठोर पुरावा कोणता हवा?

१९९४ मध्ये काचिन संघटनेशी युद्धबंदी झाली. शांततेबरोबर फाकांतमध्ये परवाने आले, परवान्यांबरोबर सेनाधिकाऱ्यांशी लागेबांधे असलेल्या कंपन्या आल्या आणि कंपन्यांबरोबर अवाढव्य यंत्रे आली. पूर्वी वर्षानुवर्षे खणला जाणारा डोंगर आता पाहता पाहता भुईसपाट होऊ लागला. २०११ मध्ये युद्ध पुन्हा पेटले, पण यंत्रे थांबली नाहीत. ग्लोबल विटनेस या संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१४ या एकाच वर्षात म्यानमारमधील जेडचे उत्पादन ३१ अब्ज डॉलरपर्यंत असू शकेल. म्हणजे देशाच्या एकूण अधिकृत उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मे. यातील निम्म्याहून अधिक माल चोरट्या मार्गाने थेट चीनमध्ये जातो, असेही अहवालात म्हटले आहे. माजी हुकूमशहा थान श्वे यांच्या कुटुंबाचे नाव या धंद्याच्या लाभार्थींत होते. हा लोभ मात्र कोणा मंत्र्याला दिसला नाही.

आता उरले ते ‘लोभी’ लोक. कंपनीची यंत्रे मोठे दगड काढून घेतात आणि उरलेली माती डोंगरासारखी रचतात. त्या मातीत निसटलेला एखादा तुकडा सापडावा म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले भूमिहीन, बेकार तरुण ढिगाऱ्यांवर चढतात. त्यांना येमासे म्हणतात. त्यांना वेतन नाही, विमा नाही, हजेरीपट नाही. म्हणून मेल्यावर त्यांची मोजदादही नाही. दिवसभराचा शीण आणि भीती मारण्यासाठी हेरॉइन सहज मिळते, आणि सुईबरोबर एड्स पसरतो. २१ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे असाच एक ढिगारा पायथ्याच्या झोपड्यांवर कोसळला आणि शंभराहून अधिक माणसे झोपेतच गाडली गेली. तेव्हाच ढिगाऱ्यांच्या उंचीला व उताराला कडक मर्यादा घातली असती, तर २०२० ची दुर्घटना टळली नसती काय?

ही माणसे स्वेच्छेने येतात, असा युक्तिवाद केला जातो. जमीन नाही, रोजगार नाही आणि गावात युद्ध आहे, अशा स्थितीतील इच्छेला स्वेच्छा म्हणणे हा भाषेचा व्यभिचार आहे.

दुसरा मार्ग बंदीचा. अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून ब्रह्मी जेड व माणकांच्या आयातीवर बंदी घातली आणि २०१६ मध्ये ती उठवली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी रत्नमहामंडळावर पुन्हा निर्बंध लादले. पण जेडचा मुख्य बाजार अमेरिकेत नाही, चीनमध्ये आहे. रुईलीच्या सीमेवर साल न काढलेल्या दगडांवर जुगार खेळला जातो; दगडाला एक छोटी खिडकी पाडतात आणि आत काय असेल यावर धनिक लोक बोली लावतात. या बाजाराला हात न लावणारे निर्बंध नैतिक समाधान देतात, ढिगारा रोखत नाहीत. आँग सान सू ची यांच्या पक्षाच्या सरकारने २०१६ मध्ये नवे परवाने थांबवले, २०१९ मध्ये नवा कायदाही आणला. पण सेनेच्या अर्थसत्तेपर्यंत त्यांचा हात पोहोचला नाही. दुसऱ्या बाजूला काचिन सेनाही याच दगडावर कर वसूल करून बंदुका विकत घेते. पीडितांच्या बाजूने उभे राहायचे म्हणजे त्यांच्या नावाने लढणाऱ्या प्रत्येक संघटनेची हिशेबवही पवित्र मानायची, असे नव्हे.

मग मार्ग नाही काय? आहे, आणि तो जेडच्याच इतिहासात आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील माओरी लोक नेफ्राइटला पोउनामू म्हणतात. पूर्वजांकडून आलेल्या पोउनामूच्या वस्तू तेथे वंशाचा ठेवा मानल्या जातात, त्या देऊन तह पक्के केले जातात. १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून या दगडाची मालकी ङाइ ताहू या जमातीकडे परत सोपवली. हा कायदा म्हणजे स्वर्ग नव्हे. परंतु दगडाचा सांस्कृतिक अर्थ आणि त्यावरील कायदेशीर हक्क एकाच समाजाच्या हाती असू शकतात, एवढे त्याने सिद्ध केले. पांगलाँगला काचिनांना याच दिशेचे वचन मिळाले होते.

२०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात बार्बरा हटन या धनाढ्य वारसदारिणीचा जेडचा हार २ कोटी ७४ लाख डॉलरला विकला गेला. त्यात मणी होते २७. म्हणजे एका मण्याला दहा लाख डॉलर. रत्नपरीक्षक आज जेडची ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी वर्गवारी करतात. दगड आम्लात धुतला आहे काय, त्यात राळ भरली आहे काय, रंग चढवला आहे काय, हे प्रयोगशाळा अचूक सांगते. पण तो कोणत्या खाणीतून आला, तेथे कोण मेले आणि पैसा कोणाच्या खिशात गेला, याचा उल्लेख प्रमाणपत्रात कोठेही नसतो. जे मोजायचे ते बाजार बारकाईने मोजतो. माणूस मोजायचा नाही असे त्याने ठरवलेले आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. परवाने कोणाचे आहेत आणि त्यांमागचे खरे मालक कोण, हे जाहीर झाले पाहिजे. ढिगाऱ्यांची जबाबदारी ते रचणाऱ्या कंपनीवर कायद्याने टाकली पाहिजे. येमासेंना कामगार म्हणून नोंदवून संघटनेचा हक्क दिला पाहिजे. जेडच्या उत्पन्नातील आणि त्याविषयीच्या निर्णयातील काचिन जनतेचा वाटा संघराज्याच्या घटनेत लिहिला गेला पाहिजे; सेनेच्या बराकीतून चालणारी राजवट यातले काहीच करणार नाही, म्हणून म्यानमारच्या लोकशाहीचा लढा आणि फाकांतच्या ढिगाऱ्याखालचा लढा हा एकच लढा आहे. आणि ज्या चिनी राज्यकर्त्यांना जेडच्या सद्गुणांचा वारसा मिरवायचा आहे, त्यांनी रुईलीच्या नाक्यावर येणाऱ्या प्रत्येक दगडाचे मूळ विचारण्यापासून आरंभ करावा. न्यायबुद्धी हा जेडचा गुण आहे, असे त्यांचेच पूर्वज सांगून गेले आहेत.