थर्मोस्टॅट काढला की प्रॉब्लेम सुटला?

गेल्या मे महिन्यात पसरणी घाटात, गाड्यांच्या रांगेत सरपटत असताना, आमच्या गाडीचा काटा लाल पट्टीला टेकला. बाबा शेजारी, आई मागे, बाहेर रणरणतं ऊन. कसंबसं वर पोचलो. परत आल्यावर गाडी गॅरेजला दिली. संध्याकाळी उत्तर मिळालं, "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकलाय. ते थंड देशातल्या लोकांचं फॅड. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?"

मी मान डोलावली. इंजिनिअर असून! आज त्याबद्दलच चिडचिड करणार आहे.

मंडळी, थर्मोस्टॅट बाहेरची हवा बघून काम करत नाही हो. त्यात मेणाची एक गोळी असते. कूलंट साधारण 82 ते 88 अंशांना पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. बाहेर 10 अंश असो नाहीतर 42, इंजिनाला आतून नव्वदच्या आसपासच राहायचं असतं. झडप काढली की इंजिन गार राहतं, ईसीयूला वाटतं गाडी अजून तापलीच नाही, आणि तो जास्त पेट्रोल ओतत बसतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत तीच झडप बायपासची वाटही बंद करते. ती नसली की थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. म्हणजे ज्यासाठी काढला, तेच पुन्हा!

आमचंही तेच झालं. अॅव्हरेज 16 वरून 13 वर आलं, आणि दोन महिन्यांनी सिग्नलच्या जॅममध्ये काटा परत वर. मग मात्र पाच-सातशे रुपयांचं ओबीडीचं ब्लूटूथ डबडं आणलं आणि मोबाईलवर आकडे बघत बसलो. (काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.)

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंटचा आकडा हवेच्या तापमानाजवळ होता, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. हायवेवर 68 च्या वर जाईना : थर्मोस्टॅट नसल्याचा पुरावा. जॅममध्ये मात्र 100, 104, 107... आणि फॅन ढिम्म. एसी लावला तरी ढिम्म. फ्यूज ठीक होता. रिले बदलला, फॅन फिरला. रिले कितीचा? अडीचशे रुपयांचा! नवा थर्मोस्टॅट बसवला आणि विषय संपला.

यात रॉकेट सायन्स काहीच नाही. जॅममध्ये तापते आणि हायवेवर ठीक, तर आधी फॅन बघा. उलट असेल, तर चोक झालेला रेडिएटर, पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. कूलंट सारखं कमी होतंय आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. आणि कॅपला विसरू नका. ती कुकरच्या शिट्टीसारखी दाब धरते, म्हणून पाणी शंभरला उकळत नाही. याच कारणासाठी गरम इंजिनाची कॅप कधीही उघडायची नाही.

आता कुणी म्हणेल, मेस्त्री अडाणी. मला तसं वाटत नाही. त्याच्या हाताला जे कळतं ते मला सात जन्मांत कळणार नाही. पण आपण गाडी देतो ती "संध्याकाळपर्यंत पाहिजे, आणि जास्त बिल करू नका" असं बजावून. दोन तास शोधण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. बदललेल्या पार्टचे मात्र बिनबोभाट देतो. मग तो शोधेल कशाला? ऑफिसात टेस्ट फेल झाली म्हणून कुणी टेस्टच डिलीट केली, तर आम्ही त्याला फाडून खातो. आणि गाडीच्या बाबतीत? तेच करून घेतो, वर थँक्यू म्हणतो.

म्हणून पुढच्या वेळी "काढून टाकतो" ऐकलंत की एवढंच विचारा, "बिघाड नेमका कशात होता, दादा?" आणि उत्तर शोधायचे वेगळे पैसे द्या. घाटात आई-बाबांना घेऊन उभं राहण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतात.

असो. रविवार संपला.