गोधडीसाठी दोन दिवस काढा

श्रीगोंद्याच्या वाड्यावस्त्यांवर गोधडी हे एकटीने उरकायचं काम कधीच नव्हतं. ज्वारीची खळी झाली, कडबा रचून झाला की चैत्र-वैशाखाच्या दुपारी कडुलिंबाखाली किंवा ओसरीवर लुगडं अंथरलं जायचं आणि शेजारणी आपापली सुई घेऊन यायच्या. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. शेतात सावड चालते तशीच ही सावड. माहेरपणाला आलेल्या लेकीही त्यात बसायच्या. बायकांच्या वाट्याला वर्षातून येणारी ती हक्काची सुट्टी होती आणि हातात काम असल्यामुळे तिला कोणी नावं ठेवत नसे.

खाली अस्तराला धडकं लुगडं, पोटात विटलेल्या कपड्यांचे थर आणि वर धोतर, परकर, सदऱ्यांचे जुळवलेले तुकडे. कोपऱ्यांवर दगड ठेवून सगळं ताणून घ्यायचं. आधी लांब टाके घालून थर एकमेकांत पक्के करायचे आणि मग काठापासून आत आत धावदोरा. चौघी चार बाजूंना बसतात. प्रत्येकीचा हात वेगळा, कोणाचा टाका बारीक तर कोणाचा ऐसपैस. तरी दोऱ्यांच्या रांगा बोटाच्या अंतराने समांतर जायला हव्यात. रांग तिरकी गेली की जाणती बाई उसवायला लावते. दोरे मध्यावर पोचेपर्यंत अनेक दुपारी जातात. कोणाच्या सुनेला जाच आहे, कोणाच्या घरी कर्जाचा तगादा लागलाय, कोणत्या पोरीची शाळा सुटतेय, हे गावाला कळण्याआधी तिथे कळायचं. काही वेळा त्यावर तोडगाही तिथेच निघायचा.

हे बसणं मोडलं त्याला कारणं आहेत. कुकडी आणि घोडच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, लिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. दुष्काळी तालुक्याला पाणी मिळालं हे उत्तमच झालं. पण ज्वारीचं शेत उन्हाळ्यात रिकामं असायचं, लिंबाची बाग रिकामी नसते. लिंबाला सगळ्यात जास्त मागणी उन्हाळ्यातच, त्यामुळे गोधडीचे महिने तोडणीत जातात आणि खाली पडलेली लिंबं वेचणारे हात बहुतेक बायकांचेच असतात. दुसरीकडे सुती लुगडी नेसणाऱ्या आज्या कमी झाल्या. घरात साठतात त्या सिंथेटिक साड्या: सुईखाली घसरणाऱ्या, घाम न टिपणाऱ्या. टेम्पोत मशीन टाकून ‘गोधडी शिवून मिळेल’ असा पुकारा करत फिरणारे कारागीर जुन्या कपड्यांची गोधडी झटपट शिवून देतात. गरजेपुरती ती चांगली असते. तिच्यामुळे ऊब मिळते, पण चार बायकांचं एकत्र बसणं परत येत नाही, आणि या लेखाचा आग्रह त्या बसण्यासाठी आहे.

असं एकत्र बसणं इतरत्र मुद्दाम जपलं जातं. अमेरिकेत मैत्रिणी दोन-तीन दिवस घराबाहेर एकत्र राहून आपापल्या गोधड्या पुऱ्या करतात, आणि त्यासाठी खास जागा चालवल्या जातात. त्याच देशातल्या अलाबामा राज्यात, नागरी हक्कांच्या लढ्याच्या धामधुमीत, १९६६ मध्ये कृष्णवर्णीय बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. त्याच परिसरातल्या जीज् बेंड या वस्तीतल्या बायकांच्या, जुन्या कामाच्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी बायका अशीच कौंदी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. सहकाराचा एवढा गाजावाजा असलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र साखर आणि दुधाइतकं महत्त्व बायकांच्या या हातकामाला कधी मिळालं नाही.

ते महत्त्व आता देता येईल. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. श्रीगोंदा पुण्याहून काही तासांच्या अंतरावर आहे, दौंड-मनमाड रेल्वेमार्ग तालुक्यातून जातो, अष्टविनायकांतल्या सिद्धटेकला येणारे भाविक शेजारून जातात आणि पेडगावचा भीमाकाठचा किल्ला पाहायला दुर्गप्रेमी येतात. शहरातल्या मैत्रिणींचे गट हुरडा पार्टीला शेतावर येतातच. हुरडा, बैलगाडी, फोटो आणि संध्याकाळी परत, असा तो दिवस असतो. त्याऐवजी दोन दिवस मुक्काम करावा, प्रत्येकीने घरातल्या जुन्या सुती साड्या आणाव्यात आणि गावातल्या जाणत्या बायकांबरोबर बसून दोरे घालावेत. दोन दिवसांत मोठी गोधडी होणार नाही. बाळाचं दुपटं मात्र सहज होईल.

यात एक अट पाळलीच पाहिजे. ज्या बाई शिकवतील त्यांना त्या दिवशी चुलीपुढे बसवू नये. पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापायच्या, पिठलं करायचं, भांडी घासायची आणि मधल्या वेळात गोधडी दाखवायची, असं झालं तर एकीची सुट्टी दुसरीच्या अंगावर पडली. स्वयंपाकाची सोय वेगळी हवी, आणि मोबदला दिवसाच्या हिशेबाने, शिक्षिकेचा म्हणून, आधी ठरवून द्यायला हवा. शिवण्यात किती तास गेले हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. म्हणून जत्रेत आणि बचत गटांच्या प्रदर्शनात हाताच्या गोधडीची तुलना गिऱ्हाईक मिंक ब्लँकेटच्या किमतीशी करतं. जिने स्वतः एक रांग घातली आहे, ती अशी घासाघीस करणार नाही.

गावातल्या बायकांनाही पाहुण्यांची वाट पाहायचं कारण नाही. बचत गटाची बैठक महिन्याला होते. हप्ता भरून, सही करून सगळ्या घाईने उठतात. त्याच बैठकीला जोडून एक दुपार गोधडीची ठेवावी आणि त्या दुपारी घरच्या पुरुषांनी चहा-स्वयंपाक पाहावा. श्रीगोंद्यातल्या बचत गटांनी आणि कृषी पर्यटन केंद्रांनी येत्या हुरड्याच्या हंगामात याची सुरुवात करावी. घरातली सुती लुगडी, धोतरं तोवर बोहारणीला देऊ नका.