माणूस म्हणजे किती पीसीयू?

ट्रान्सपोर्टेशन इंजिनीअरिंगच्या पुस्तकात एक छोटासा तक्ता आहे. परीक्षेला तो हमखास येतो, त्यामुळे सिव्हिलच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पी.सी.यू. म्हणजे पॅसेंजर कार युनिट. रस्त्यावरून नाना तऱ्हेची वाहनं जातात, त्यांची बेरीज करायची तर एक माप हवं. म्हणून मोटारकार म्हणजे १ असं धरायचं आणि बाकीच्यांना तिच्या पटीत मोजायचं. इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांसाठी १९९० साली दिलेले आकडे असे : टू-व्हीलर ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, सायकल ०.४ ते ०.५. हातगाडीलासुद्धा २ ते ३ मिळतात! आणि मग तक्ता संपतो. पायी चालणाऱ्या माणसाची ओळच नाही.

वर्गात शंका विचारली. सरांनी दिलेलं उत्तर शास्त्रशुद्धच होतं. पीसीयू हे गाड्यांच्या रस्त्याचं माप आहे. माणूस फूटपाथवरून चालतो, त्याचा हिशेब वेगळा. मान्य! त्या हिशेबासाठी आय.आर.सी.ची २०१२ सालची वेगळी पुस्तिका (क्रमांक १०३) आहे. फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून उंच नको, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

आता पुस्तक मिटा आणि आपल्या गेटबाहेर या. फूटपाथ सुरू होतो तो वडापावच्या गाडीपाशी. मग विजेचा डी.पी. बॉक्स, मग एक झाड, मग लावलेल्या गाड्यांची रांग, आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे तो चक्क संपतो. १.८ मीटर सोडाच, पावसात छत्र्या उघडून दोघींना शेजारी शेजारी चालता येत नाही. म्हणजे कागदावर माणूस फूटपाथवर आहे, म्हणून रस्त्याच्या हिशेबात नाही. प्रत्यक्षात फूटपाथच नाही, म्हणून तो रस्त्यावर आहे. दोन्हीकडून शून्य!

माझं म्हणणं एवढंच आहे की, जे मोजलं जात नाही त्याला जागा मिळत नाही. आणि मोजण्याचं काम आपण इंजिनीअर लोकच करतो.

गेल्या सेमिस्टरला ट्रॅफिक सर्व्हेचं प्रॅक्टिकल आपल्या गेटसमोरच होतं. हातात शीट, शीटवर रकाने : कार, टू-व्हीलर, रिक्षा, बस, ट्रक, सायकल. आमची बॅच सकाळी नऊ ते दहा उभी होती. समोरून बस आली, आत उभं राहायलाही जागा नाही, पन्नास-साठ माणसं तरी असतील. शीटवर एक रेघ. मागून कार आली, आत एकच गृहस्थ. शीटवर एक रेघ. पुढे गणित करताना ती बस दोन ते चार कारएवढी 'अडचण' ठरते आणि आतली माणसं कुठेच येत नाहीत. त्याच तासात हॉस्टेलची मुलं, कामावर येणाऱ्या मावशी, शाळेची पोरं, भाजीची पिशवी सांभाळणारे आजोबा असे कितीतरी जण त्याच रस्त्यातून जीव मुठीत धरून पलीकडे गेले. त्यांच्यासाठी रकाना नव्हता. रिपोर्टचा निष्कर्ष काय आला असेल ते सांगायला नको : 'रस्त्याची क्षमता अपुरी असून रुंदीकरण आवश्यक आहे.' रुंदीकरण कुठून होणार? उरलेल्या फूटपाथमधून!

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपल्या हॉस्टेलमधली एक ज्युनिअर. ऑगस्टमध्ये संध्याकाळी मेसचं जेवण आवडलं नाही म्हणून ती पलीकडे पोहे खायला निघाली आणि वळणावरून वेगात आलेल्या कारने तिला उडवलं. पायात रॉड घातलाय, टर्म गेली. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर सूचना लागली : 'विद्यार्थ्यांनी रस्ता ओलांडताना काळजी घ्यावी.' लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण मला शाळेची आठवण झाली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. (त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात!) दरवर्षी रोड सेफ्टी वीकमध्ये सिस्टर आमच्याकडून पोस्टर्स काढून घ्यायच्या. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पळू नका, झेब्रावरूनच जा. सगळ्या सूचना सात वर्षांच्या पोराला. हजार किलोची गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसासाठी एकही पोस्टर नाही, आणि तो रस्ता आखणाऱ्यासाठी तर नाहीच नाही.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. ३६५ ने भागा, रोजची नव्वद येतात. म्हणजे आपल्या साठ जणांच्या दीड वर्गाएवढी माणसं, दररोज, रविवारीसुद्धा. एवढ्या सगळ्यांनी फक्त 'काळजी घेतली नाही' असं मानायला माझं मन तयार होत नाही.

मग दोष कुठे आहे? थोडं फर्स्ट इयरचं फिजिक्स करू. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, डिसेलरेशन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी त्या सेकंदात ८.३ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर, आणि थांबते. एकूण १३.३ मीटर, म्हणजे एस.टी.च्या एका बसपेक्षा थोडं जास्त. आता तीच गाडी ताशी ५० ने येऊ द्या. पहिल्या सेकंदातच ती १३.९ मीटर जाते. म्हणजे जिथे ३० वाली गाडी पूर्ण थांबली असती, तिथे ५० वालीचा ब्रेक अजून दाबलाही गेलेला नाही! माणसाला लागतो तो पुरा ५० चा दणका. ड्रायव्हर तोच, माणूस तोच, काळजीही तेवढीच. फरक फक्त २० किलोमीटरचा.

हे २० किलोमीटर कमी कसे करायचे? 'वाहने सावकाश चालवा' असा बोर्ड आपल्या गेटजवळ आहेच, त्याच्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली आहे. ड्रायव्हर बोर्ड वाचून वेग ठरवत नाही, रस्ता बघून ठरवतो. आपल्या गेटशेजारचं वळणच घ्या. वळणाची त्रिज्या १५ मीटर असेल आणि आतल्या माणसाला सोसेल असं बाजूचं त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर गाडी ताशी २४ ने आरामात वळते. त्रिज्या ५ मीटर केली की तोच ड्रायव्हर आपोआप १४ वर येतो. पोलीस नको, दंड नको, पोस्टर नको. कोपऱ्यातला फूटपाथ थोडा पुढे आणायचा, बास.

आणि म्हणूनच गेटसमोर पादचारी पूल बांधायची जी चर्चा चालली आहे, ती मला पटत नाही. पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. वर स्लॅबची जाडी धरली की चढण सहा मीटर. १५ सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली. मेसच्या मावशी रात्री साडेनऊला भांडी आवरून घरी निघतात. दिवसभर उभं राहून गुडघे दुखणाऱ्या बाईला आपण सांगणार, की मावशी, गाड्यांना थांबायला लागू नये म्हणून तुम्ही दोन मजले चढा आणि उतरा. त्या चढणार नाहीत. खालूनच जातील, आणि मग 'पूल असूनही लोक वापरत नाहीत, लोकांना शिस्त नाही' असं म्हणायला सगळे मोकळे!

त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला आणावं. माणूस सरळ चालत जाईल आणि गाडी १५ सेंटिमीटर चढून उतरेल. मध्ये दुभाजकात उभं राहायला सुरक्षित जागा ठेवावी, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या. माणसाने सहा मीटर चढायचं की गाडीने १५ सेंटिमीटर? गाडीला इंजिन आहे, मावशींना नाही.

यावर हॉस्टेलच्या कट्ट्यावर जे आक्षेप ऐकले, त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

पहिला : 'हे सगळं फॉरेनला चालतं, पुण्यात नाही.' फॉरेनचं सांगायचं तर फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर वेगमर्यादा ३० आहे. पण लांब कशाला जायचं? आपल्या जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने २०१७ च्या सुमारास फूटपाथ रुंद केले, बाक ठेवले, मुलांना खेळणी बसवली. तिथेही टू-व्हीलर चढतातच, पण संध्याकाळी आजी-आजोबा आणि लहान मुलं तिथे निवांत दिसतात. आपल्या गेटसमोर निवांत कोण दिसतं? फक्त कुत्री. २०२१ साली ११ डिसेंबरला महापालिकेने लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. लक्ष्मी रोड! तिथे जमतं तर कुठेही जमेल.

दुसरा : 'सायकलचे दिवस गेले.' पुणं सायकलींचं शहर होतं, हे आपण सगळ्यांनी काका-मामांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता कंटाळा येतो. २०१७ च्या शेवटी भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. लोक म्हणाले, बघा, पुणेकरांना सायकल नकोच. पण सायकली आल्या तरी त्यांना रस्ता कुठे आला होता? ट्रॅक मध्येच सुरू होतो, मध्येच खांब, पुढे पेव्हर ब्लॉक उखडलेले, आणि चौकात, जिथे खरी भीती असते, तिथेच तो गायब. पोहणाऱ्यांची संख्या कमी आहे म्हणून पूल बांधायचा नाही, असं नदीकाठी कोणी म्हणत नाही. पलीकडे जायची गरज किती जणांना आहे, ते बघतात. आपल्या हॉस्टेलपासून स्टेशनरी, मेडिकल, क्लास सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे. त्यासाठी रूम पार्टनरकडे 'तुझी गाडी दे ना' म्हणून हात पसरावा लागतो, कारण सायकल काढायला घरचे नाही म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

तिसरा : 'मग आम्ही गाड्या विकायच्या का?' अजिबात नाही. लांबून येणारे सर-मॅडम आहेत, नाइट शिफ्टचे लोक आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आहेत. पण गाडी पार्क केल्यावर गाडीवालाही चालतोच ना? गेटमधून डिपार्टमेंटपर्यंत तोही शून्य पीसीयूच असतो!

आणि हा काही नुसता भावनेचा प्रश्न राहिलेला नाही. चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात, ठरलेले मानदंड न पाळता रस्ता आखला किंवा बांधला आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उद्या त्या यंत्रणेत आपल्यापैकीच कोणीतरी सहीला बसणार आहे, हे लक्षात असू द्या.

जिथे ठरवलं जातं तिथे पुण्याला हे जमतंही. आषाढी वारीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात. लाखो माणसं पायी, कोणाच्या डोक्यावर तुळस, कोणी अनवाणी. तेव्हा आख्खं शहर गाड्या बाजूला घेतं, पाणी देतं, पाय चेपून देतं. कोणी म्हणत नाही की वारकऱ्यांनी पुलावरून जावं. चालणाऱ्याला मान द्यायची रीत आपल्याकडे आहेच. ती फक्त दोन-तीन दिवसांत संपते.

म्हणून तीन सोप्या गोष्टी सुचवते. एक, पुढच्या बॅचच्या सर्व्हे शीटवर दोन रकाने वाढवावेत : 'कडेने चालणारे' आणि 'रस्ता ओलांडणारे'. शिवाय प्रत्येक जण किती सेकंद ताटकळला तेही लिहावं. दोन, तो आकडा आणि उंच क्रॉसिंगचं ड्रॉइंग घेऊन कॉलेजतर्फे क्षेत्रीय कार्यालयात रीतसर अर्ज द्यावा. ड्रॉइंग आम्ही टी.ई.ची मुलं काढून देतो, सरांनी फक्त तपासून द्यावं. तीन, कॅम्पसच्या आतला रस्ता तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे. तिथे वेगमर्यादा २० करावी, हॉस्टेल ते लायब्ररी गाड्या लावायला मनाई करावी, आणि बॉयलर रूममागे गंजत पडलेला सायकल स्टँड पुढे आणून त्यावर पत्रे टाकावेत. याला कोणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

पहिली मोजणी येत्या शनिवारी सकाळी नऊला, मेन गेटवर. ब्रँचची अट नाही. पेन आपापलं आणावं, चहा आमच्याकडून.

– टी. ई. सिव्हिल, मुलींचे वसतिगृह