तीच मैना, दुसरा गळा

परवा फराळाला लालबागला गेलो होतो. भाच्याने विठ्ठल उमपांनी गायिलेली ‘माझी मैना’ लावली. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. अण्णाभाऊ साठ्यांची ही छक्कड त्यांनी तरुणपणी अमरशेखांच्या पहाडी आवाजात ऐकलेली. दुसरा गळा कसा रुचावा?

या छक्कडीतली मैना म्हणजे मुंबईला आलेल्या कामगाराची गावी राहिलेली बायको, आणि संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूखही. १ मे १९६० रोजी राज्य झाले, तो मुलूख मात्र आलाच नाही. मैदानात गाणे गर्जे ते या दुसऱ्या अर्थासाठी.

उमप नायगावचे, पण गळ्यात सारा गाव! ते मुळीच घाई करीत नाहीत. आधी बायको डोळ्यांसमोर उभी करतात, तिचा निरोप घेतात. मगच सीमेची गोष्ट येते आणि ती जिव्हारी लागते.

गाणे संपले. गिरणीत उमेद घालविलेले मामा हळूच म्हणाले, “आम्ही बेळगावसाठी टाळ्या वाजवल्या. तुझी मामी सात वर्षं गावाला होती, ते आज ऐकलं.”

आतून मामी म्हणाली, “चहा निवतोय!”

आवाज मात्र जरा ओला होता.