गॅरेज कोणाचं, वेळ कोणाचा?

मैत्रिणींनो, या अंकात मोटारीवर लेख पाहून तुम्हाला नवल वाटेल. तोही घरच्या घरी बांधलेल्या, शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या हलक्या मोटारीवर! पाणी, रेशन, मारहाण, पोटगी हे आपले विषय. हौशी पुरुषांच्या या छंदाशी आपला काय संबंध? माझ्या मते संबंध आहे. पैसा, जागा, वेळ आणि हातातलं कसब ही चारही घरात कशी वाटली जातात, ते या छंदात फार स्पष्ट दिसतं.

आधी हा छंद समजून घेऊ. तो मुरला इंग्लंडमध्ये. १९५७ साली लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन माणसांची उघडी मोटार आणली. वजन पाचशे किलोच्या आतबाहेर. तयार गाडीवर तिथे खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक भाग विकत घेत आणि घरी जोडत. १९७३ मध्ये ही गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने एक पुस्तक लिहिलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार कशी बांधायची, हे त्यात सांगितलं होतं. इंचभर रुंदीचे चौकोनी पोलादी पाइप कापायचे, वेल्डिंग करून सांगाडा उभारायचा आणि भंगारात निघालेल्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस त्यात बसवायचा. पुष्कळांनी हे करून पाहिलं.

यामागचं शास्त्र सोपं आहे. इंजिनाची ताकद वाढवली तर मुख्यतः वेग वाढतो. वजन कमी केलं तर गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर ताब्यात राहते, टायर आणि ब्रेकही कमी झिजतात. म्हणून काचा, गाद्या, छत, जे जे नको ते काढून टाकायचं. यात बुद्धी लागते, हिशेब लागतो, हाताची सफाई लागते. राक्षसी ताकद लागत नाही.

आता या इतिहासात बाई कुठे आहे ते पाहू. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने १९४८ साली पहिली मोटार बांधली, ती त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९५२ साली कंपनी सुरू झाली, तेव्हा सुरुवातीचे पंचवीस पौंड हेझलने उसने दिले. म्हणजे जागा तिच्या घरची आणि भांडवलही तिचं! पुढे त्यांचं लग्न झालं, ती कंपनीची संचालकही होती. तरी ‘एका तरुणाने गॅरेजमध्ये कंपनी उभी केली’ एवढंच जगाने लक्षात ठेवलं. आपल्या गटातल्या किती जणींच्या मंगळसूत्रावर नवऱ्यांच्या रिक्षा आणि टेम्पो उभे राहिले, ते आठवा. परवान्यावर नाव कोणाचं असतं?

दुसरी गोष्ट वेळेची. ‘स्वस्तात बांधलेली गाडी’ असं म्हणतात तेव्हा मजुरी धरलेली नसते. कित्येक महिन्यांचे, कधी कित्येक वर्षांचे शनिवार-रविवार त्यात जातात. त्या काळात त्याच घरात स्वयंपाक होतो, मुलांचा अभ्यास घेतला जातो, ग्रीसने माखलेले कपडे धुतले जातात. ते कोण करतं? आपल्या देशात २०२४ मध्ये सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. हा आकडा घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आहे, अजिबात न करणारे यात धरलेलेच नाहीत. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे आठवड्याला सुमारे साडेतेवीस तास. एवढ्या तासांत मोटारीचा सांगाडा उभा राहील, शिलाईखेरीज एखादं कसब हाती येईल, नाहीतर निवांत झोप तरी होईल! पुरुषाने छंद जोपासू नये असं माझं म्हणणं नाही. फक्त त्याच्या छंदाचा वेळ कोणाच्या वेळातून कापला जातो, ते विचारायला हवं.

तिसरी गोष्ट कसबाची. ‘बायकांना यंत्रातलं कळत नाही’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. डोरोथी पुलिंजर ही बाई मोटारीच्या कारखान्यात शिकून इंजिनिअर झाली. १९१४ मध्ये तिने ब्रिटनमधल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला, तेव्हा नियमातला ‘व्यक्ती’ हा शब्द पुरुषांसाठी आहे असं सांगून तो नाकारला गेला. पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमधल्या टंगलँडच्या कारखान्यात तिच्या देखरेखीखाली ‘गॅलोवे’ मोटार तयार झाली. तिथे मोठ्या संख्येने बायका होत्या, मुलींसाठी उमेदवारीची सोय होती. तरी पुरुषाची नोकरी अडवून बसल्याचा ठपका तिच्यावर आलाच. शेवटी तिने हा व्यवसाय सोडून लाँड्री काढली. कपडे धुणाऱ्या बाईवर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता!

आपल्याकडेही १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्तींनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि ती नोकरी मिळवली. त्यानंतर पन्नास वर्षं होऊन गेली. २००७ पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला ‘बाहा’ स्पर्धा भरते आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्या तिथे धावतात आणि फक्त मुलींचे संघही त्यात उतरले आहेत. कॉलेजात मुलींना जागा मिळाली, हत्यारं मिळाली, रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबायची मुभा मिळाली, की त्या गाडी बांधतात. अडचण मेंदूत नव्हती आणि मनगटातही नव्हती.

कायद्याचंही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये हौशी माणसाने बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर यायची परवानगी मिळू शकते. आपल्याकडे तसा सोपा मार्ग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्यामुळे अशी गाडी टेम्पोत घालून कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्यावी लागते. म्हणजे हा छंद आपल्याकडे पैसेवाल्यांचाच राहतो. आपल्या वस्तीतल्या पोरींनी उद्याच रेसिंग कार बांधावी, असं मी सुचवत नाही.

मग काय सुचवते आहे? अनेक संस्था बायकांसाठी ‘व्यवसाय प्रशिक्षण’ काढतात, तेव्हा शिवण, मेंदी, पापड, ब्यूटी पार्लर यांच्यापुढे गाडी जात नाही. एका गल्लीत दहा शिलाई मशिनं येतात, ब्लाउजचा भाव पडतो आणि आपण म्हणतो, बायका सक्षम झाल्या. याच गल्लीच्या तोंडाशी दुचाकीचं गॅरेज असतं, वेल्डिंगचं दुकान असतं. तिथे दहावी नापास मुलगा ‘छोटू’ म्हणून लागतो आणि चार-पाच वर्षांत कारागीर होतो. त्याच्या बहिणीला तिथे कोणी उभं करत नाही. गॅरेज हीसुद्धा एक शाळा आहे आणि तिचा दाखला मुलींना मिळत नाही.

‘आईबाप पाठवणार नाहीत, लोक काय म्हणतील, तिथली भाषा चांगली नसते,’ असे आक्षेप येतील. ते खोटे नाहीत. म्हणूनच एकटीदुकटीला न पाठवता चौघी-पाच जणींनी एकत्र जावं. मालकाशी संस्थेने आधी बोलावं. आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, मोटार मेकॅनिक या शाखांत मुलींचे अर्ज भरून घ्यावेत. सोबत स्वच्छतागृह आणि बसची वेळ याबद्दल प्राचार्यांना लेखी निवेदन द्यावं. सेफ्टी गॉगल आणि हातमोजे मुलींच्या मापाचे मागावेत. प्रत्येक गटाने निदान एक हत्यारांची पेटी घ्यावी. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, जॅक एवढ्यापासून सुरुवात होते. महिन्यातून एका रविवारी दुपारी सगळ्याजणींनी जुनी लुना किंवा सायकल खोलून पुन्हा जोडावी. आणि त्या दुपारी घरचा स्वयंपाक कोण करणार, हे आदल्या दिवशी घरात मोकळेपणाने बोलून ठरवावं. माझ्या अनुभवात पेटी मिळवण्यापेक्षा ही दुपार मिळवणं अवघड जातं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या आठवड्याचे तास कागदावर मांडावेत. स्वतःचे म्हणून किती उरतात ते मोजावं. आकडे आम्हाला जरूर कळवा. प्रशिक्षणाची मागणी घेऊन अधिकाऱ्यांकडे जाताना ते हाताशी असलेले बरे.