जुनी वाट मोडण्यापूर्वी

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बार्देश यांना पुन्हा जोडले ते फेरीबोटींनी. पूल झाला म्हणून त्याआधीच कोणी फेरीचे धक्के उखडून टाकले असते, तर पणजीकरांची केवढी दैना झाली असती! संगणकांच्या जाळ्यांत आज जे स्थित्यंतर घडत आहे, त्याचा विचार करताना आम्हांस या प्रसंगाचे स्मरण होते.

संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. माहितीचा ओघ कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरविणे आणि तो प्रत्यक्ष पुढे धाडणे, ही दोन्ही कामे जुन्या पद्धतीत हेच यंत्र शेजारच्या यंत्रांशी विचारविनिमय करून पार पाडते. नव्या, सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळ्यात या कामांची फारकत होते. वाट ठरविण्याचा अधिकार मध्यवर्ती नियंत्रकाकडे जातो आणि नाक्यावरची यंत्रे त्याची आज्ञा पाळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये पुढे आलेल्या 'ओपनफ्लो' या संकेतप्रणालीने या विचारास चालना दिली.

या पद्धतीचे लाभ खरे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. गूगल कंपनीने जगभरची आपली माहितीकेंद्रे जोडणारे 'बी-फोर' हे जाळे २०१० ते २०१२ या काळात तिच्यावर आणले. अकस्मात बिघाडाची तरतूद म्हणून दूरपल्ल्याच्या जोडण्यांची जेमतेम ३० ते ४० टक्के क्षमताच एरवी वापरली जाते. बी-फोरमध्ये हे प्रमाण सरासरी ७० टक्क्यांवर गेल्याचे कंपनीच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद केले आहे.

परंतु आम्हांस अधिक बोधप्रद वाटते ती त्यांची सावध चाल. नवी यंत्रे प्रथम अशा बेताने बसविली, की शेजारच्या जुन्या राउटरांना ती आपल्यासारखीच वाटावीत. एकेक ठिकाण क्रमाक्रमाने पालटले. सगळ्या जाळ्यावरील रहदारीची मध्यवर्ती वाटणी अगदी शेवटी सुरू केली, आणि तीही जुन्या मार्गनिश्चितीच्या पायावर. नवी वाटणी बंद करून तत्काळ जुन्या रीतीवर परतण्याची सोय त्यांनी राखून ठेवली. दोन डगरींवर हात ठेवणे एरवी निंद्य असेल. येथे तेच शहाणपण होते.

एवढी सावधगिरी बाळगणाऱ्या कंपनीसही केंद्रीकरणाचा चटका बसलाच. २ जून २०१९ रोजी देखभालीच्या स्वयंचलित यंत्रणेने चुकीने अनेक ठिकाणची नियंत्रक सॉफ्टवेअरे एकदम थांबविली. काही मिनिटे यंत्रे शेवटच्या आज्ञेवर चालत राहिली. मग वाटा बंद पडू लागल्या, उरलेल्या जोडण्यांवर कोंडी झाली, आणि अमेरिकेच्या अनेक भागांतील सेवा सव्वातीन ते जवळजवळ साडेचार तास विस्कळीत झाल्या. दुरुस्तीची साधनेही त्याच तुंबलेल्या जाळ्यावर अवलंबून असल्याने दोष हुडकण्यास विलंब लागला. अधिकार एका ठिकाणी एकवटला की चूकही तेथूनच सर्वत्र पसरते. राज्यकारभारात हे सत्य आपण पुरते अनुभवलेले आहे.

शेतकऱ्याचा एक-चौदाचा उतारा, वृद्धाचे निवृत्तिवेतन, इस्पितळातील रुग्णाची नोंद ही सारी आज अशाच जाळ्यांतून जाते. नाक्यावरचे यंत्र बिघडले तर एक कचेरी अडते. नियंत्रक बिघडला तर सगळ्याच अडू शकतात. म्हणून सरकारने, बँकांनी आणि इतर संस्थांनी हा पालट करताना काही पथ्ये पाळावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आरंभ एखाद्या कचेरीपासून करावा. वीज आणि तारा यांची परीक्षा पाहणारा एक संपूर्ण पावसाळा नवी व्यवस्था तगून दाखवीत नाही, तोवर जुनी मोडू नये. जाळे ठप्प झाले तरी अभियंत्यांना यंत्रांपर्यंत पोहोचता यावे, यासाठी स्वतंत्र वाट असावी. जुन्या यंत्रांची नस ओळखणाऱ्या कर्मचाऱ्यांना घरी धाडण्याची घाई करू नये.

नव्याला आमचा विरोध नाही. मात्र कंत्राटावर सही करण्यापूर्वी प्रत्येक अधिकाऱ्याने पुरवठादारास एक प्रश्न जरूर विचारावा: हे कोसळले, तर परतीची वाट कोणती? या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत सही थांबली, तरी जनतेचे काही बिघडणार नाही.