ग्राफिक्स कार्ड बदलावे की थांबावे?

जून २०१६ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स जीटीएक्स १०७० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्याची अमेरिकेतील घोषित किंमत ३७९ डॉलर होती आणि त्यावर ८ जीबी मेमरी होती. एप्रिल २०२५ मध्ये त्याच कंपनीचे आरटीएक्स ५०६० टीआय आले. त्याच्या स्वस्त आवृत्तीची घोषित किंमत ३७९ डॉलर आणि मेमरी ८ जीबी! मधल्या नऊ वर्षांत कार्डाची गणनक्षमता कित्येक पटींनी वाढली आणि मेमरीचा वेगही वाढला, हे मान्य करावेच लागेल. परंतु कार्ड किती वर्षे उपयोगी पडणार हे ज्या गोष्टीवर बहुतांशी ठरते, ती मेमरीची क्षमता त्या किमतीला तसूभरही पुढे सरकलेली नाही. घरातील जुने कार्ड काढून नवे घ्यावे काय, या प्रश्नाचा विचार या आकड्यापासून सुरू करणे श्रेयस्कर.

असे का झाले, याचे उत्तर कंपनीच्या ताळेबंदात आहे. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाच्या सुमारे २६.९ अब्ज डॉलरच्या महसुलापैकी जवळजवळ १२.५ अब्ज डॉलर गेमिंगमधून आले होते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण महसूल १३०.५ अब्ज डॉलरवर गेला आणि गेमिंगचा वाटा मात्र ११.४ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे शेकडा ९ हूनही कमी राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेची केंद्रे उभारणाऱ्या बड्या कंपन्या हेच आता खरे गिऱ्हाईक आहे. घरगुती ग्राहकाला डावलले गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण त्याची मनधरणी करण्याची निकड उरलेली नाही, एवढे निश्चित.

याचा परिणाम एका जुन्या सल्ल्यावर झाला आहे. संगणकाची वस्तू घ्यायची तर सहा महिने थांबा, किंमत उतरेल, असे जाणकार सांगत आणि ते बरेचदा खरेही ठरे. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या ‘खाणकामा’मुळे कार्डे दुप्पट भावाने विकली जात होती, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलून कार्डांची गरजच संपवली. ज्यांनी धीर धरला त्यांचा फायदा झाला. त्या वेळी टंचाईचे कारण एकाच घटनेने दूर झाले होते. २०२५ च्या उत्तरार्धात सुरू झालेली मेमरीची टंचाई निराळ्या जातीची आहे. मेमरी बनवणारे कारखाने मोजके आहेत आणि त्यांचे उत्पादन सर्व्हरकडे वळले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली, यावरून वाऱ्याची दिशा कळावी. नवे कारखाने उभे राहण्यास वर्षे लागतात. त्यामुळे केवळ किंमत उतरेल या आशेवर थांबण्यात आता पूर्वीइतका अर्थ नाही. थांबायचे तर अन्य कारणासाठी थांबावे, आणि तशी कारणे आहेत.

सर्वांत मोठे कारण म्हणजे अनेकदा दोष कार्डाचा नसतोच. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दिसायची असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. त्यातील काही काम प्रोसेसर करतो, काही कार्ड. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या गतीने सगळे चालते. कोण मागे पडतो, हे पाहण्यासाठी पैसे खर्च करावे लागत नाहीत. खेळाचे रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. चित्रांची संख्या भरभर वाढली तर कार्ड दमले आहे. ती तिथेच राहिली तर प्रोसेसर अपुरा पडतो आहे आणि नव्या कार्डाचे ३० हजार रुपये पाण्यात जाणार आहेत. उलट, मॉनिटर बदलून १०८० वरून १४४० वर जायचे असेल, तर पिक्सेलची संख्या सुमारे २१ लाखांवरून ३७ लाखांवर जाते आणि ‘फोर-के’ला ती ८३ लाखांच्या घरात पोहोचते. हा सारा भार कार्डावर पडतो. मॉनिटर जुनाच ठेवून महागडे कार्ड घेणाऱ्यांची संख्या कमी नाही, हे सांगायला कोणा पाहणीची गरज नसावी.

दुसरा मुद्दा मेमरीचा, आणि तो काहीसा विस्ताराने पाहावा लागेल. खेळातील भिंती, चेहरे, झाडे यांची पृष्ठचित्रे कार्डाच्या मेमरीत ठेवलेली असतात. ती मावेनाशी झाली की उरलेली संगणकाच्या मुख्य रॅममध्ये जातात आणि मदरबोर्डावरील पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने ये-जा करू लागतात. हा मार्ग कार्डावरील मेमरीच्या मानाने फारच अरुंद असतो. मग सरासरी वेग चांगला दिसत असूनही मध्येच चित्र अडखळते. येथे जुन्या संगणकाच्या मालकाने विशेष सावध राहावे. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे त्या मार्गाच्या सोळापैकी आठच पदऱ्या वापरतात. नव्या मदरबोर्डवर त्याने फारसे बिघडत नाही. पण २०१७ च्या सुमारास घेतलेल्या, तिसऱ्या पिढीचा मार्ग असलेल्या मदरबोर्डवर ८ जीबीची आवृत्ती लावली तर आधीच अरुंद असलेली वाट निम्मी होते. म्हणजे ज्याला कार्ड बदलण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच स्वस्त कार्डाचा लाभ सर्वांत कमी. एएमडीच्या जून २०२५ मधील आरएक्स ९०६० एक्सटी या कार्डाला सोळाही पदऱ्या आहेत. त्याची १६ जीबीची आवृत्ती ३४९ डॉलरला जाहीर झाली होती, तर ५०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती ४२९ डॉलरला.

डॉलरच्या किमती भारतीय ग्राहकाला फसव्या वाटतात, कारण अमेरिकेत त्या करापूर्वीच्या असतात. डॉलरला ९० रुपये धरून १८ टक्के जीएसटी मिळवला तर २९९ डॉलरचे आरटीएक्स ५०६० पावणेबत्तीस हजारांवर आणि ४२९ डॉलरचे कार्ड साडेपंचेचाळीस हजारांवर जाते. आयातदार आणि दुकानदार यांचा वाटा यात धरलेला नाही. आता बत्तीस हजारांचे कार्ड चार वर्षे वापरले आणि आठवड्याला दहा तास खेळ झाला, तर ताशी खर्च साधारण १५ रुपये पडतो. सिनेमाच्या तिकिटाच्या तुलनेत ही चैन स्वस्तच म्हणायची. मात्र नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरची कामे यांतून आठवड्याला जेमतेम दोन तास मिळत असतील, तर तोच खर्च ताशी ७७ रुपये होतो. विजेची चिंता मात्र बहुधा अनाठायी असते. ७५ वॅटच्या जीटीएक्स १६५० ऐवजी १४५ वॅटचे आरटीएक्स ५०६० आले, तरी आठवड्याला दहा तासांच्या वापराने वर्षाला ३६ युनिटच्या आसपास जास्त लागतील. खरा प्रश्न एसएमपीएसचा आहे. स्वस्तातला, जुना एसएमपीएस बदलावा लागला तर आणखी काही हजार रुपये धरावेत.

कंपन्यांच्या जाहिरातींतील आलेख पाहताना आणखी एक पथ्य पाळावे. नव्या कार्डांत कार्डाने काढलेल्या एका खऱ्या चित्रामागे अनेक कृत्रिम चित्रे भरण्याची सोय आहे आणि आलेखातील उंच खांब त्यांच्या बळावर उभे असतात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. याउलट कमी रेझोल्यूशनचे चित्र मोठे व सुबक करण्याचे डीएलएसएस तंत्र जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळत राहिले आहे. जानेवारी २०२५ मधील त्याची सुधारित आवृत्ती २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेलाही लागू झाली. अशा कार्डाच्या मालकाला १०८० वर खेळायचे असेल, तर त्याने घाई करण्याचे कारण दिसत नाही.

जीटीएक्स १०६० सारख्या कार्डांची स्थिती वेगळी आहे. त्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (डिसेंबर २०२४) आणि ‘डूम : द डार्क एजेस’ (मे २०२५) या खेळांना तर रे ट्रेसिंगचे हार्डवेअर अनिवार्यच आहे. परंतु या कार्डांसोबतचा संगणकही बहुधा तितकाच जुना असतो. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. तेथे केवळ कार्ड बदलणे म्हणजे पडक्या घराला नवे दार बसवण्यासारखे होय.

व्यावसायिकाचा हिशेब सोपा असतो. लग्नाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्याचा एका कामामागे दोन तास वाचत असेल आणि त्या वेळात दुसरे काम मिळत असेल, तर कार्डाची किंमत एका मोसमात वसूल होऊ शकते. दुसरे काम नसेल तर वाचलेल्या वेळाचे मोल शून्य धरावे. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याने किंवा घरच्या संगणकावर भाषा-प्रारूपे चालवू पाहणाऱ्याने वेगापेक्षा मेमरीकडे पाहावे, कारण तेथे काम मावले नाही तर ते मंदावते किंवा मुळीच होत नाही.

जुने कार्ड घेण्याचा मार्गही आहे. २०२१ चे १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० वाजवी भावात मिळाले, तर ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा काही कामांना ते अधिक सोयीचे. मात्र मूळ बिल, उरलेली वॉरंटी आणि ती दुसऱ्या मालकाला लागू होते की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि अर्धा तास खेळ चालवून पंख्यांचा आवाज व तापमान तपासावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन दुकान, नवे कार्ड घेतानाही एक खबरदारी आवश्यक आहे. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी या दोन्हींच्या ८ व १६ जीबी आवृत्त्या एकाच नावाने विकल्या जातात. बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा आणि खोक्यावरील आकड्याशी तो दुकानातच ताडून पाहावा.